लिपिड क्लिनिकचं (रक्तातल्या चरबीचा दवाखाना) फॅमिली स्क्रीनिंग, आठ महिन्यांचा अनुभव (५ पैकी ४)

आधीच सांगतो, मी बारीक माणूस आहे. सिगरेट नाही, रोज चालतो, आणि तरी सहा वर्षं ऑफिसच्या तपासणीत एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा, आकडा लाल अक्षरात येत होता. २२१, मग २३४, मग २३८. दरवर्षी डॉक्टर वेगळा आणि वाक्य तेच, पथ्य पाळा, व्यायाम वाढवा, तीन महिन्यांनी बघू. तीन महिन्यांनी कुणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही, खोटं कशाला बोलू. बाबांना ४६ व्या वर्षी अटॅक आलेला, हे दरवर्षी फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने लिहून देत होतो, पण तो फॉर्म आणि तो लाल आकडा एकाच माणसाने शेजारी ठेवून वाचलाय असं एकदाही झालं नाही.

मग आमचे जुने फॅमिली डॉक्टर रिटायर झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी सगळे रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले, घरात कमी वयात हार्टचा त्रास कुणाकुणाला झाला ते विचारलं आणि थेट चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीवरून ज्या लिपिड क्लिनिकला गेलो त्याचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम देत नाही, खाली तक्रारी पण आहेत.

पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या, मोजे काढा. मला वाटलं चुकीच्या खोलीत आलोय. त्यांनी टाचेच्या वरची ती जाड दोरीसारखी नस (टेंडन) असते ना, ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून वरून खाली चाचपली. उजव्या पायाला मण्याएवढा कडक उंचवटा लागला. मी वर्षानुवर्षं त्याला बूट घासल्याचा घट्टा समजत होतो, तर ते साठलेलं कोलेस्टेरॉल निघालं, झँथोमा म्हणतात. मग टॉर्च मारून डोळे बघितले, ४५ च्या आत बुबुळाभोवती पांढुरकी कडा आली असेल तर तीही खूण धरतात, मला ती नव्हती. थायरॉइड आणि किडनीच्या टेस्ट आधी करून घेतल्या कारण त्यांच्यामुळेही एलडीएल वाढतं. मग डच लिपिड क्लिनिकची मार्कांची पद्धत आहे ती माझ्यासमोर बसून भरली. आकड्याचे ३, बाबांच्या अटॅकचा १, टाचेच्या गाठीचे ६, झाले १०. आठच्या वर गेलं की घराण्यातून आलेला कोलेस्टेरॉलचा आजार पक्का धरतात. आयुष्यात पहिल्यांदा जास्त मार्क पडल्याचं वाईट वाटलं.

या प्रकाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, तिथे सगळे एफएच म्हणतात. लिव्हरच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात, जीनमध्ये दोष असला की ते कमी पडतात किंवा नीट काम करत नाहीत, आणि एलडीएल जन्मापासून रक्तात फिरत राहतं. म्हणजे पथ्याने थोडा फरक पडतो पण मूळ भानगड सुटत नाही. साधारण २५० माणसांत एकाला असतं आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नसतो. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायचा चान्स ५० टक्के.

आता या क्लिनिकची खरी जमेची बाजू. डॉक्टर चांगले आहेतच, पण इथे एक कोऑर्डिनेटर ताई आहेत ज्यांचं कामच मुळी पेशंटच्या घरातली माणसं शोधणं हे आहे. त्यांनी मोठ्या कागदावर पेन्सिलीने आमचं खानदान काढलं, पुरुष चौकोन, बायका गोल, बाबांचा चौकोन काळा, माझा काळा (काळा म्हणजे आजार असलेला), बाकी रिकामे. तुमच्या परवानगीशिवाय नातेवाइकांना फोन करत नाहीत, पत्र तुमच्याच हातून देतात आणि मग मागे लागतात. दादाने दोन पत्रं सरळ ड्रॉवरमध्ये टाकली. तिसऱ्या वेळी ताईंनी मला विचारलं, ते घरात ऐकतात कुणाचं? वहिनीचं. पत्र वहिनीकडे गेलं, दादा पुढच्या आठवड्यात रक्त देऊन आला, आकडा २५१. माझ्या ९ वर्षांच्या मुलीचा १८७ निघाला, घरात एफएच असेल तर मुलांमध्ये १६० च्या वर गेलं तरी दखल घेतात. तिची अख्खी जीन टेस्ट करत बसले नाहीत, माझ्या जीनमध्ये सापडलेला बदल तेवढाच शोधला. सापडला. त्या दिवशी घरी येताना मी गाडीत काही बोललो नाही.

ताईंकडून कळलं की नेदरलँड्समध्ये १९९४ पासून वीसेक वर्षं देशपातळीवर असंच एका पेशंटवरून त्याचे नातेवाईक शोधत गेले, आणि स्लोव्हेनियात १९९५ पासून पाच वर्षांच्या मुलांचंच कोलेस्टेरॉल बघतात. तसं असतं तर बाबा कदाचित वेळेत सापडले असते, असो.

तक्रारी. जीन रिपोर्ट तीन आठवड्यांत देतो म्हणाले, सात लागले, आणि मधे विचारलं की 'प्रोसेसमध्ये आहे'. क्लिनिकचं सॉफ्टवेअर मुलांच्या डॉक्टरांच्या सॉफ्टवेअरशी बोलत नाही, त्यामुळे मुलीचं रक्त दुसऱ्यांदा काढलं, ती रडली आणि माझं डोकं फिरलं. समन्वय समन्वय म्हणता आणि फाइल मी काखेत घेऊन फिरतोय. आणि ते नातेवाइकांचं पत्र! डॉक्टरने डॉक्टरला लिहिल्यासारखं आहे, 'प्रथमश्रेणी नातेवाईक' (म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं) वगैरे, मी शेवटी साध्या भाषेत चार ओळी लिहून फॅमिली ग्रुपवर टाकल्या तेव्हा लोकांनी वाचलं.

माझ्या कोलेस्टेरॉल कमी करायच्या दोन गोळ्या चालू आहेत, रोसुव्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब, २३८ चं ९६ झालंय, डॉक्टरांना ७० च्या खाली हवंय, नाहीच आलं तर एलडीएल आणखी उतरवणाऱ्या पीसीएसके९ च्या इंजेक्शनचा विचार करू म्हणालेत. मुलीला गोळी कधी सुरू करायची हे मुलांचे डॉक्टर आणि क्लिनिकचे डॉक्टर मिळून ठरवणारेत, ८ ते १० च्या सुमारास सुरू करतात. यावेळी दोघांना एकाच कॉलवर आणलं, ते मात्र ताईंनीच.

एक स्टार कापलाय तो सॉफ्टवेअरचा. जाणार असाल तर जुने रिपोर्ट सगळे न्या, अगदी पाच वर्षांपूर्वीचेही, आणि घरात कुणाला कितव्या वर्षी काय झालं ते आधी फोन करून विचारून ठेवा, तिथे बसून आठवत नाही. आमच्या मोठ्या आत्याचा गोल अजून रिकामा आहे. तिच्या गावातल्या डॉक्टरने पत्र बघून 'वयाच्या मानाने ठीक आहे' म्हणून परत दिलं. ताई गुरुवारी त्या डॉक्टरलाच फोन लावणार आहेत.