पुण्यात गरम पाण्याचा हीट पंप: कोणत्या घराला परवडतो, कोणत्या घराला नाही

पुण्यात हीट पंप म्हणजे घर उबदार ठेवणारं यंत्र नव्हे, आंघोळीचं पाणी तापवणारं. फ्रिज आतली उष्णता बाहेर फेकतो. हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. पुण्याच्या हवेत एका युनिट विजेवर साधारण तीन ते साडेतीन युनिट इतकी उष्णता मिळते, गिझरमध्ये जास्तीत जास्त एक. एवढं ऐकून अनेक जण यंत्राची किंमत विचारायला जातात, पण आधी विचारायला हवं ते घरात रोज किती गरम पाणी लागतं हे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला 1.163 वॅट-तास लागतात, आणि हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. हिवाळ्यात टाकीतलं पाणी 22 अंशांवर धरा. 40 अंशांची 20 लिटरची एक बादली म्हणजे सुमारे 0.42 युनिट उष्णता. दीड बादलीत आंघोळ करणाऱ्या चौघांना स्वयंपाकघर धरून रोज 3 युनिट पुरतात. मिनिटाला 8 लिटरच्या शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहणाऱ्या माणसाला एकट्याला 1.3 युनिट लागतात. असे सहा जण असतील तर स्वयंपाकघर धरून रोजची गरज 9 युनिटवर जाते. पुढचे आकडे या दोन घरांचे आहेत, वर्षात 300 दिवस गरम पाणी धरून.

विजेचा दर पहिल्या घराला 13 रुपये आणि दुसऱ्याला 16 रुपये धरला आहे, कारण महावितरणचे टप्पे वर चढतात तसा दर चढतो आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क लागतं. गिझरची युनिट्स नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यात पडतात. त्यामुळे बिलाला एकूण युनिटने भागून येणारा सरासरी दर इथे वापरू नका, शेवटच्या टप्प्याचा दर घ्या. पाइप गॅसचा दर घनमीटरला 50 रुपये धरला आहे.

| | चौघे, बादली | सहा जण, शॉवर |
|---|---|---|
| गिझर: बसवण्याचा खर्च | 20–25 हजार | 35–45 हजार |
| गिझर: वर्षाचं बिल | 13,600 | 48,000 |
| पाइप गॅस गिझर: बसवण्याचा खर्च | 12–18 हजार | 30–45 हजार |
| पाइप गॅस गिझर: वर्षाचं बिल | 5,600 | 17,000 |
| सोलर: बसवण्याचा खर्च | 35–45 हजार | 70–90 हजार |
| सोलर: वर्षाचं बिल (70 ढगाळ दिवस विजेवर) | 3,200 | 11,200 |
| हीट पंप: बसवण्याचा खर्च | 1–1.4 लाख | 1.8–2.2 लाख |
| हीट पंप: वर्षाचं बिल | 5,600 | 16,000 |

बसवण्याचे आकडे बाजारातल्या साधारण भावांवरचे आहेत, ब्रँडप्रमाणे इकडेतिकडे होतील. पण चित्र बदलत नाही. बादलीवाल्या घरात हीट पंप वर्षाला 8 हजार वाचवतो, म्हणजे किंमत वसूल व्हायला पंधरा वर्षं, आणि तोवर कॉम्प्रेसरचं आयुष्यच संपत आलेलं असतं. अशा घराने हीट पंप घेऊ नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. शॉवरवाल्या घरात वर्षाला 32 हजार वाचतात आणि सहा-सात वर्षांत पैसे फिटतात.

सोलर शक्य असेल तर आधी सोलर

स्वतःची गच्ची, सावली नाही, वरच्या टाकीपासून उंचीचा फरक पुरेसा, असं असेल तर सोलर दोन्ही घरांत जिंकतो. शिवाय सौर प्रकल्प चालू असल्यास पुणे महापालिका मालमत्ताकरात 5 टक्के सवलत देते. फक्त पाणी बघून प्रकार निवडा. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, तिथे तांब्याच्या नळ्यांचा सपाट कलेक्टर वर्षानुवर्षं चालतो. वाघोली, उंड्रीकडे टँकर आणि बोअरवर भागवणाऱ्या घरांत त्याच नळ्या क्षाराने बुजतात, तिथे काचेच्या नळ्यांचा घ्यावा.

हीट पंपाची खरी जागा म्हणजे जिथे ऊन हाताशी नाही: गच्ची सोसायटीची आहे आणि ना हरकत पत्र मिळत नाही, शेजारी टॉवर उभा राहिला, किंवा गच्चीवर आधीच वीजनिर्मितीचे पॅनेल लागले आहेत. पॅनेल असतील तर हिशेब आणखी सुधारतो. शॉवरवाल्या घराचा हीट पंप वर्षाला हजार युनिट खातो आणि एक किलोवॅटचे पॅनेल पुण्यात साधारण 1,400 युनिट देतात.

गॅसचं बिल हीट पंपाएवढंच येतं आणि बसवायला तो पाच ते आठपट स्वस्त. पण गॅस गिझर बाथरूममध्ये कधीही लावू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. उघडी ड्राय बाल्कनी असेल तरच हा पर्याय.

कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

200 लिटरचं यंत्र 1.1 ते 1.6 लाखांना मिळतं, उरलेला खर्च घराच्या भिंतींत असतो. जुन्या फ्लॅटमध्ये प्रत्येक बाथरूमला स्वतंत्र गिझर पॉइंट असतो आणि संपूर्ण घराला गरम पाण्याची एक लाइन नसते. हीट पंप एकाच जागी बसतो, त्यामुळे ती लाइन नव्याने ओढावी लागते: पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप), तेही गरम पाण्याच्या एसडीआर 11 या जाड भिंतीच्या वर्गातलं, वर 13 मिलिमीटर नायट्राइल फोमचं आवरण. 25 मीटरला आठ-दहा हजार, आणि टाइल फोडून परत बसवायला 10 ते 25 हजार. मीटरमागे पाव लिटर पाणी पाइपात राहतं. यंत्र 20 मीटर लांब असेल तर रोज सकाळी पाच लिटर थंड पाणी आधी बाहेर येणार. म्हणून यंत्र सर्वात जास्त वापराच्या बाथरूमजवळ ठेवा.

विजेसाठी डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीपासून) स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, जास्त भार आला की वीज तोडणारा 20 अँपिअरचा एमसीबी, शॉकपासून वाचवणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग, असे पाच ते आठ हजार. पाण्याच्या बाजूला गाळणी, पाणी उलट जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, चार ते सहा हजार. इमारतीत प्रेशर पंप असेल तर दाबाचा व्हॉल्व्ह टाळू नका. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात, तो बिघाड नाही. ते थांबवायला व्हॉल्व्हला बूच मारणारे प्लंबर आहेत, आणि मग टाकी फुटू शकते. भरलेली टाकी जवळपास 300 किलोची होते. ड्राय बाल्कनीच्या कडेला ती ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

कुठे बिघडतं

सर्वात जास्त वेळा जागा चुकते. यंत्र थंड हवा बाहेर टाकतं. बंद डक्टमध्ये किंवा काच लावून बंद केलेल्या बाल्कनीत तीच थंड हवा ते परत ओढतं, आणि एका युनिट विजेमागे मिळणारी तीन युनिट उष्णता दोनवर यायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात दमट हवेतून पाणी गळतं, त्याला उताराची वेगळी नळी हवी.

दुसरं कारण म्हणजे आतला विजेचा रॉड. बहुतेक यंत्रांत मदतीसाठी दीड-दोन किलोवॅटचा रॉड असतो. टाकी लहान घेतली आणि रॉड ऑटोवर राहिला, तर सकाळी तिसऱ्या आंघोळीला रॉड पेटतो आणि बिल गिझरसारखं येतं. टाकी माणसामागे 40-50 लिटर घ्या, रॉड हाताने चालू-बंद ठेवा आणि टायमर दुपारी 12 ते 4 लावा. डिसेंबरातही तेव्हा हवा उबदार असते, पहाटेच्या 10-12 अंशांपेक्षा यंत्र कितीतरी हलकं चालतं. स्मार्ट मीटर असेल तर दिवसा युनिटमागे थोडी सवलतही मिळते.

टाकीत मॅग्नेशियमचा आणखी एक रॉड असतो, अॅनोड, जो टाकीऐवजी स्वतः गंजतो. बोअरच्या पाण्यात तो लवकर झिजतो. दरवर्षी काढून बघा, बोटाएवढा जाड रॉड तारेसारखा झाला की बदला. तो संपल्यावर गंज टाकीला लागतो, आणि गळकी टाकी दुरुस्त होत नाही.

शेवटचा हप्ता देण्याआधी एक चाचणी करून घ्या. विजेचा रॉड बंद ठेवा, टाकीतलं पाणी 25 अंशांवरून 55 पर्यंत तापू द्या, कोणी नळ उघडू नये. दोनशे लिटरना त्यासाठी 7 युनिट उष्णता लागते. दुपारच्या उबदार हवेत हे काम सुमारे सव्वादोन युनिट विजेत व्हायला हवं. यंत्रापुरत्या सबमीटरवर तीनहून जास्त दिसले तर थंड हवा परत ओढली जाते आहे, यंत्राच्या आतला (फ्रिजसारखा) गॅस कमी आहे किंवा विजेचा रॉड बंद झालेलाच नाही. कारण सापडेपर्यंत पैसे थांबवा.