केळीच्या रोपांची व्हायरस तपासणी: एलायझा की पीसीआर?

मृग बागेची (पावसाच्या सुरुवातीला लावायच्या केळीची) रोपं ठरवायची वेळ आली की जळगावातल्या रावेर-यावलकडचा कुणी ना कुणी विचारतोच, "नमुने एलायझाला देऊ की पीसीआरला?" मी दोन्ही करून बसलोय, म्हणून लिहितो. दोन्ही पानातला व्हायरस शोधणाऱ्या लॅबच्या चाचण्या: एलायझा व्हायरसचं प्रथिन रंगावरून ओळखते, पीसीआर व्हायरसच्या जनुकीय अंशाच्या असंख्य प्रती करून तो पकडते.

शेंड्याला पानांचा गुच्छ करणारा बंची टॉप असो की हरण्या, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), केळीचे हे दोन्ही व्हायरस-रोग दोन्ही चाचण्यांत सापडतात. एलायझा स्वस्त, एका प्लेटमध्ये ९६ खळगे, ढीगभर नमुने एकदम उरकतात. पीसीआर महाग, त्यातून सीएमव्ही पडला आरएनएवाला (त्याचा जनुकीय अंश डीएनए नाही, आरएनए) आणि पीसीआर चालते डीएनएवर, म्हणून त्याचा आधी डीएनए करून घ्यावा लागतो. एवढंच बघितलं तर एलायझाच बरी. मलाही तसंच वाटलं होतं.

माझं गाडं अडलं ते फिक्या पिवळ्यावर. एलायझात व्हायरस असला की खळगा पिवळा होतो. पण कोवळ्या टिश्यू कल्चर (लॅबमध्ये ऊतीपासून वाढवलेल्या) रोपात तो असला तरी थोडाच असतो, मग खळगा धड पिवळा होत नाही, धड कोराही राहत नाही. माझ्या २० नमुन्यांपैकी ४ नमुन्यांपुढे 'शंकास्पद, नमुना पुन्हा पाठवा' असा शेरा. पाठवले. तोवर पाऊस झाला, शेजाऱ्याची लागवड उरकली, माझी रोपं पिशवीतच ताडमाड. दुसऱ्या खेपेला दोन नमुने निर्दोष सुटले, दोन परत शंकास्पद! रोग असेल तर रोप उपटून फेकता येतं. शंका कुठे फेकणार?

तेव्हापासून मी पीसीआर करतो. थोडका व्हायरसही ती धरते, त्यामुळे चार-पाच रोपांच्या पानांचे तुकडे मिळून एकच नमुना देता येतो आणि खर्च बराचसा भरून निघतो. (किती मिसळायचे ते लॅबला विचारूनच.) हजारोंनी रोपं तपासणाऱ्याचा हिशेब वेगळा असेल, त्याला एलायझा परवडत असेल. आणि उभ्या बागेत पानावर पिवळे पट्टे, पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडलेला दिसत असेल तर कसलीच चाचणी नको, झाड काढा.

नखरे पीसीआरचेही आहेत. लॅबनं नमुन्यातला केळीचा चीक नीट काढला नाही तर व्हायरस असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो, म्हणून केळीचे नमुने नेहमी करणारी लॅब बघा. पान वाटेत उकडलं तर आरएनए टिकत नाही. मी पान सोमवारी सकाळी कापतो आणि बर्फाच्या पाकिटासोबत त्याच दिवशी कुरियरला देतो. शनिवारी दिलेलं पाकीट रविवारभर गोदामात तापत पडतं.