शेप सॉर्टर घ्यावा का? आधी गोल ठोकळा चौकोनी भोकात घालून बघा

भोकांचं झाकण असलेला लाकडी डबा आणि त्यात टाकायचे ठोकळे, म्हणजे शेप सॉर्टर. खेळ म्हणून उत्तमच. आकार ओळखायला मात्र बाजारातले बरेच डबे अर्धवटच शिकवतात, आणि खोट बहुतेक वेळा मापात असते.

दुकानातच करून बघा. गोलाचा व्यास आणि चौरसाची बाजू दोन्ही 30 मिमी असतील, तर गोल ठोकळा चौरस भोकातून अलगद आत पडतो. उलट, 30 मिमी चौरसाचा कर्ण साधारण 42 मिमी. गोल भोक त्याहून मोठं असलं की चौरसही त्यातून जातो. चूक डब्यालाच अडवता आली नाही, तर मुलाला कशी कळणार? अशा चौरसासोबत गोल 35 मिमीच्या आसपास हवा.

रंगही घात करतात. निळा चौरस आणि भोकाभोवती निळी पट्टी असेल तर पोर फक्त रंग जुळवतं. एकरंगी संच घ्या.

सगळे ठोकळे एकदम ओतू नका. गोल कसाही फिरवला तरी बसतो, म्हणून सुरुवात त्याने. मग चौरस (चार प्रकारे बसतो), समभुज त्रिकोण (तीन), शेवटी आयत (फक्त दोन). तोवर बाकीची भोकं आतून पुठ्ठा लावून बंद ठेवा. नावं माँटेसरीच्या तीन पायऱ्यांनी द्या: "हा त्रिकोण", मग "त्रिकोण दे", आणि ते जमलं की "हा कोणता?" आपण थेट तिसरीवर उडी मारतो.

डब्यावर चौरसाला 'चौकोन' छापलेलं असतं. पण आयतही चौकोनच, त्यामुळे पहिल्यापासून 'चौरस' म्हणा. आणि हातातला ठोकळा खरं तर सपाट आकार नसून जाडी असलेली वस्तू असतो. नाव सांगताना त्याच्या एकाच बाजूच्या कडेवरून मुलाचं बोट फिरवा.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे त्रिकोण एकच, तोही समभुज. मग लांबुडका किंवा टोक खाली केलेला त्रिकोण मुलाला त्रिकोण वाटत नाही, आणि तिरका ठेवलेला चौरस थेट शंकरपाळी होतो! पुठ्ठ्याचे बुटके, निमुळते, कलंडलेले त्रिकोण कापून सोबत ठेवा. डबा हे करून देणार नाही.

एमडीएफचा (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीचा) डबा पावसाळ्यात फुगतो, भोकं आवळतात आणि ठोकळे अडकतात. भरीव लाकूड परवडत असेल तर तेच घ्या. आयएसआय खूण बघा. 1 जानेवारी 2021 पासून ती खेळण्यांवर सक्तीची आहे, नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे.