गालातून औषध शिरवायचं: पीएच, पित्तक्षार की कायटोसान?

एम.फार्म.च्या प्रबंधाला बक्कल फिल्म (गालाच्या आत चिकटवायची औषधाची पातळ पट्टी) घेतली आणि औषध गालाच्या अस्तरातून जाईना, की बहुतेकांचा हात थेट सोडियम ग्लायकोकोलेट या पित्तक्षाराच्या बाटलीकडे जातो. थांबा. आधी औषधाचा पीकेए बघा, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू भारित आणि निम्मे भाररहित असतात तो आकडा.

औषध दुर्बल बेस असेल तर पीएच वाढवणं सगळ्यांत स्वस्त. तंबाखूला चुना लावणारा नकळत हेच करतो. निकोटिनचा पीकेए ८ च्या आसपास. चुन्याने पीएच चढला की भाररहित निकोटिन वाढतं आणि झरझर आत शिरतं. (चुन्याने अस्तर सोलवटतं, ते वेगळं.) फेन्टोरा ही फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाची फसफसणारी गोळी याच जातीची. फसफसताना आधी पीएच उतरतो, गोळी विरघळते. मग कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पीएच चढतो आणि औषध शोषलं जातं. तिच्यातलं साधारण ५० टक्के फेंटानिल गालातून जातं, दांडीवर चोखायच्या ॲक्टिकमधलं २५ टक्केच.

रेणूवर आयनीभवनाजोगा गटच नसेल, किंवा रेणू थोराड असेल, तर ही युक्ती फुकट. गालाच्या अस्तरात पेशींचे ४०-५० थर असतात; खरा अडसर वरच्या थरांत, पेशींच्या फटींतल्या लिपिडचा. पित्तक्षार ते लिपिड ओढून काढतात. शोषण वाढतं, पण चव कडूजहर, आणि मात्रा वाढली की जळजळ. कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा धनभारित पॉलिमर) त्यामानाने सौम्य, शिवाय चिकटून राहतो. गोम एकच: पीएच ६.५ च्या वर त्याचा धनभार ओसरतो, आणि लाळ नेमकी तिथेच घुटमळते. ट्रायमिथाइल कायटोसान हा त्याचाच बदललेला प्रकार भार टिकवतो. माझं मत त्याच्याच बाजूने.

पेप्टाइडच्या (इन्सुलिनसारख्या, अमिनो आम्लांच्या साखळीच्या औषधांच्या) नादी लागणार असाल तर ओरल-लिन आठवा. इन्सुलिनच्या या फवाऱ्याला २००५ मध्ये इक्वेडोरने मंजुरी दिली, अमेरिकेत ती कधीच मिळाली नाही. फवाऱ्यातलं फारच थोडं इन्सुलिन रक्तात पोचायचं. झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ऑक्टोपसच्या चूषकासारखी वाटी दाखवली. ती अस्तर ताणते आणि आतलं प्रवेशवर्धक रसायनही कामाला लागतं. कुत्र्यांवर डेस्मोप्रेसिन या पेप्टाइड औषधाला छान यश आलं. मात्र ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमणारी गोष्ट नव्हे.

फ्रान्झ सेलवर (अस्तरातून औषध किती पार होतं ते मोजायचं दोन कप्प्यांचं उपकरण) डुकराच्या गालाचं अस्तर लावा. उंदराचं केराटिनयुक्त असतं, आकडे फसवतील. आणि वर्धक धुऊन टाकल्यावर अस्तर पुन्हा मिटतं का, तेही मोजा. व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येतो.