ग्रुप राईडसाठी इंटरकॉम की वॉकी-टॉकी? नाशिकच्या घाटांतून वापरून लिहिलेला रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. इंटरकॉम म्हणजे बाईक चालवता चालवता एकमेकांशी बोलायला हेल्मेटला लावायचं यंत्र. ग्रुपवर कुणी विचारलं की "इंटरकॉम कुठला घेऊ" की लगेच दहा जण दहा मॉडेल सुचवतात, पण तुझ्यासोबत गाडी चालवणाऱ्यांकडे काय आहे हे कुणीच विचारत नाही. हेल्मेट, जॅकेट, टायर हे ज्याचं त्याने आपल्या पसंतीने घ्यावं, इंटरकॉम मात्र अख्ख्या ग्रुपने बसून ठरवायचा असतो. नाहीतर पंधरा हजाराचं युनिट डोक्याला लावून माणूस एकटाच गाणी ऐकत सापुताऱ्याला जातो, मागच्याची चेन पडली तरी पुढे पत्ता नाही.

आधी साध्या ब्लूटूथवाल्यांबद्दल. तीन-चार हजारांपासून मिळतात आणि दोघांसाठी एकदम बेस्ट आहेत. मागे बायको बसलीये किंवा दोन मित्र दोन गाड्यांवर वणीला चाललेत, तर यापेक्षा जास्त खर्च करायची गरजच नाही. गडबड सुरू होते ती तिसरी-चौथी गाडी आली की. ब्लूटूथ इंटरकॉम साखळीने जोडतात, म्हणजे पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, आणि बहुतेक मॉडेल्स चार जणांवर थांबतात. नाशिकच्या द्वारका चौकात मधला ट्रॅफिकमध्ये अडकला की पुढचे दोघं वेगळे आणि मागचा वेगळा, आणि परत जोडायचं तर बऱ्याच युनिटना बटण दाबावं लागतं, ते पण ज्या क्रमाने पेअर केलं त्याच क्रमाने गाड्या लावून. हायवेला पाऊस चालू असताना जाड ग्लोव्हज घालून हे करून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय ते.

म्हणून चारच्या वर गाड्या असतील तर मेश. यात साखळी नसते, प्रत्येक युनिट आजूबाजूच्या सगळ्यांशी बोलतं आणि एकाचा आवाज दुसऱ्यामार्फत पुढे जातो, त्यामुळे मधला कुणी चहाला थांबला तरी बाकीच्यांचं चालू राहतं आणि तो परत जवळ आला की आपोआप आत येतो. कार्डो कंपनीची डीएमसी नावाची मेश 2015 पासून आहे, त्यांच्या पॅकटॉक मॉडेलमध्ये 15 जणांपर्यंत चालते. सेना कंपनीच्या ग्रुप मेशमध्ये 24 जण बसतात. आपल्याकडची बेंगळुरूची ब्लूआर्मर पण सी30 मध्ये रायडग्रिड नावाची मेश देते आणि खिशाच्या हिशोबाने बऱ्याच ग्रुपना तीच जमते, कारण कार्डो पॅकटॉक एज घ्यायला गेलं की एका हेल्मेटमागे तीस हजाराच्या वर जातात आणि आठ जणांचा ग्रुप असेल तर तेवढ्यात एक चांगली सेकंड हँड गाडी येते.

आता बॉक्सवरच्या रेंजचं. कार्डो दोन गाड्यांमध्ये 1.6 किमी सांगते, सेना 50एससाठी 2 किमी सांगते, आणि मधे पुरेसे रायडर असतील तर ग्रुपची रेंज दोघंही 8 किमीपर्यंत सांगतात. हे आकडे खोटे नाहीत, पण ते मोकळ्या मैदानातले आहेत. ही सगळी यंत्रं 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत, वळसा घालूनही फारशा जात नाहीत, समोरचा जवळजवळ दिसावाच लागतो. कसारा घाटात लीडने (सगळ्यात पुढच्या रायडरने) एक वळण घेतलं आणि मधे कातळ आला की दोनशे-तीनशे मीटरवरचा आवाज पण तुटतो. आधी शब्दांची शेवटची अक्षरं गायब होतात, मग नुसती खरखर, मग बीप. तेच निफाड-लासलगाव रोडला सरळ सपाट रस्त्यावर पार लांबची गाडी स्वच्छ ऐकू येते. म्हणून मला रेंजपेक्षा कनेक्शन तुटल्यावर काय होतं ते महत्त्वाचं वाटतं. घ्यायच्या आधी तीन युनिट एकत्र करून मधलं बंद करा, बाहेरची दोन बोलतात का बघा, मग मधलं चालू करा आणि बटणाला हात न लावता ते परत जोडलं जातं का आणि किती वेळात, ते बघा. दुकानदाराने एवढं करून दाखवलं नाही तर तिथून घेऊ नका.

आणखी एक, एका कंपनीची मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी बोलत नाही. कार्डो आणि सेना एकत्र आणायचे तर दोन्ही मेश सोडून साध्या ब्लूटूथवर यावं लागतं, आणि बऱ्याच युनिटमध्ये ती जोडणी फोनच्या जागेवर होते, म्हणजे मग नेव्हिगेशन किंवा फोन यातलं काहीतरी जातं. त्यामुळे ग्रुपमध्ये जास्त लोकांकडे जे आहे तेच घ्या, तुम्हाला दुसरं कितीही आवडत असलं तरी.

आता वॉकी-टॉकी, कारण याच्यावर सगळ्यात जास्त चुकीची माहिती फिरते. भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2018 च्या नियमांनी कमी ताकदीच्या सेटसाठी लायसन्समुक्त केलाय. या पट्ट्यातला, ईटीए म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल (सरकारी मंजुरी) असलेला सेट कुणीही वापरू शकतो. बाओफेंग यूव्ही-5आर वगैरे जे पाच वॉटचे स्वस्त सेट लोक ऑनलाइन मागवतात ते या सवलतीत बसत नाहीत. पोलीस, अँब्युलन्स असल्या सेवांच्या फ्रिक्वेन्सी पण त्यावर लागतात, म्हणून तर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2025 मध्ये ई-कॉमर्स साइट्सवर असल्या सेटच्या विक्रीबद्दल कडक नियम काढले. हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स काढलं तर हॅमचे बँड कायदेशीर वापरता येतात, परीक्षा मनावर घेतली तर अवघड नाही, पण तेव्हा ग्रुपमध्ये बोलणाऱ्या प्रत्येकाकडे लायसन्स पाहिजे, एकट्या लीडकडे असून भागत नाही.

446 चे सेट अर्ध्या वॉटचे असतात तरी घाटाच्या वळणावर ब्लूटूथपेक्षा जास्त तग धरतात, कारण लहर लांब असते आणि थोडीफार वळते. पूर्ण डोंगर मधे आला तर तेही गप्प. दुसरं म्हणजे एका वेळी एकच बोलतो, बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं, मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि "डावीकडे खड्डा" मधलं डावीकडेच जातं. हँडलच्या डाव्या ग्रिपजवळ वेल्क्रोने पीटीटी (दाबून बोलायचं) बटण लावा आणि माइक हेल्मेटच्या आत घ्या. हातात सेट धरून चालवू नका, जीवाला धोका आहेच, शिवाय चालवताना हातातलं कम्युनिकेशन डिव्हाइस वापरणं 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात सरळ गुन्हा आहे.

फोनवर कॉन्फरन्स कॉल लावून चालवणारे पण आहेत. गंगापूर रोडला ठीक आहे, हरसूल किंवा सुरगाणा साइडला नेटवर्क गेलं की संपलं.

फिटिंगवर लोक पाच मिनिटं घालवतात आणि मग युनिटला शिव्या देतात. स्पीकर कानाच्या भोकाच्या बरोबर समोर पाहिजे, बोटभर जरी पुढेमागे झाला तरी आवाज अर्धा होतो. हेल्मेटचं आतलं पॅडिंग काढा, कानासाठी जो खड्डा असतो त्यात स्पीकर नुसता ठेवा, हेल्मेट घाला, गाणं लावा आणि बाहेरून दोन्ही हातांनी हेल्मेट थोडं दाबा. दाबल्यावर आवाज एकदम वाढला तर स्पीकर कानापासून लांब आहे, मागे फोमची चकती टाका. स्पीकर कानाला टोचत असेल तर ती जागा बदलाच, घोटीपर्यंत काही वाटत नाही पण भंडारदऱ्याहून परत येताना कान लाल होतो. फुल फेस (पूर्ण बंद) हेल्मेटला वायरचा बटण माइक, फ्लिप-अपला (हनुवटीचा भाग वर उघडतो त्याला) दांडीचा माइक. माइक ओठांच्या अगदी समोर आणि त्याच्यावरचा स्पंज जागेवर असला पाहिजे, कारण ऐंशीच्या वर स्पंजशिवाय माइक असलेला माणूस बोलला की सगळ्या ग्रुपला वारा ऐकू येतो.

पावसाळ्यात पहिने-त्र्यंबक साइडला जाणाऱ्यांनी आयपी67 (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) च बघा. चार्जिंगच्या भोकावरचं रबर नीट बसलंय ना ते निघायच्या आधी बोटाने दाबून बघत जा. आमच्या ग्रुपमधल्या एका स्वस्त युनिटने (नाव घेत नाही) इगतपुरीच्या पावसात रबराच्या फटीतून पाणी घेतलं, दुसऱ्या दिवशी चालूच झालं नाही आणि वॉरंटीत पाणी बसत नाही म्हणून सांगितलं. राईडवरून आल्यावर माइकचा स्पंज पण काढून वाळवा, ओला राहिला की आवाज कोंदटल्यासारखा येतो.

माझं मत विचाराल तर दोन-तीन गाड्या असतील तर साधं ब्लूटूथ, पैसे वाचवा आणि ते चांगल्या हेल्मेटला लावा. चारच्या वर आणि घाट फिरणारा ग्रुप असेल तर सगळ्यांनी एकाच कंपनीची मेश. बजेट नसेल तर लीड आणि स्वीप (सगळ्यात मागचा) या दोघांना 446 चे सेट द्या, बाकीच्यांनी हाताच्या खुणांवर चालवा, अजूनही भरपूर ग्रुप असेच व्यवस्थित चालतात. आणि कांद्याच्या ट्रॅक्टरमागे अडकल्यावर पुढच्याने "ये, रिकामा आहे" म्हटलं तरी स्वतःच्या डोळ्याला रस्ता दिसल्याशिवाय ओव्हरटेक करू नका, त्याने बघितलेला रस्ता पाच सेकंद जुना असतो.

मेशवाल्यांनी राईडच्या आदल्या रात्री सगळ्यांची फर्मवेअर (युनिटमधलं सॉफ्टवेअर) सारखी करून घ्या. सकाळी साडेपाचला मुंबई नाक्यावर अपडेट लावून बसणारा एक जण सगळ्यांना उशीर करतो.