मेरा पीक: माझे चार दिवस कोणी खाल्ले?

एकावन्नाव्या वर्षी मी नेपाळला मेरा पीक चढायला गेले आणि हिमनदीवरून अर्ध्यातून परत आले. शिखर हुकलं याचं दुःख फारसं नाही. पैसे गेले, त्याची चुटपुट आहे. राग आहे तो माझे चार दिवस मधल्यामध्ये गायब झाले याचा, आणि शिखराच्या पायथ्याच्या खारे या वस्तीला पोचेपर्यंत मला ते कळलंही नाही याचा.

काठमांडूच्या त्या एजन्सीचा माणूस फोनवर फार गोड बोलायचा. "दिदी, मेरा म्हणजे चालायचं शिखर. टेक्निकल काही नाही. साठीचे लोक करतात." यात खोटं एकही वाक्य नव्हतं. मेरावर कडा चढावा लागत नाही, उतार बेताचा आहे. पण तो उतार हिमनदीचा आहे, बर्फाखाली भेगा आहेत, आणि उंची शरीराचा हिशेब वसूल करते. ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही, कारण मला "हो, तुम्हाला जमेल" एवढंच ऐकायचं होतं. पन्नाशीनंतर हे वाक्य ऐकायला माणूस पैसे मोजतो.

त्यांच्या पत्रकावर शिखराची उंची ६६५४ मीटर होती. मेराचं सर्वांत उंच टोक ६४७६ मीटर आहे, आणि बहुतेक मंडळी जातात ते मधलं टोक ६४६१. ६६५४ हा जुना चुकीचा आकडा अजून बऱ्याच जाहिरातींत फिरतो. मला हा फरक निघण्याआधीच सापडला होता. "छापायची चूक असेल" म्हणून सोडून दिला. तिथेच थांबायला हवं होतं.

करार अठरा दिवसांचा होता. विमान जिथे उतरतं त्या लुक्लाहून दक्षिणेकडे उतरायचं, पैया, पांगोम करत जंगलातून सावकाश मेराच्या पायथ्याच्या हिंकू खोऱ्यात शिरायचं, मग कोठे, थांगनाक, खारे. हा रस्ता कंटाळवाणा आहे, पण त्या दिवसांतच शरीर विरळ हवेला सरावतं. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. लुक्लाला (२८६० मीटर) उतरल्यावर गाईड म्हणाला, ऑफिसचा फोन आलाय, खालचा रस्ता खराब आहे, आपण 'झत्रवा ला' या खिंडीवरून जाऊ. चार दिवस वाचतील, ते शिखरासाठी राखीव ठेवू. राखीव हा शब्द इतका शहाणा वाटला की मी लगेच मान डोलावली.

ही खिंड ४६१० मीटरवर आहे. लुक्ला सोडल्यावर दोन-तीन दिवसांत तिथे पोचणं म्हणजे काय, हे डोक्यात घण बसायला लागले तेव्हा समजलं. आणि राखीव दिवस कुठेच नव्हते. चार दिवसांची हमालांची मजुरी, लॉजचं भाडं, जेवण, एवढं एजन्सीने वाचवलं होतं. खालचा रस्ता खराब नव्हता. त्याच रस्त्याने आलेला एक गट मला कोठेला भेटला, सगळे ताजेतवाने.

खारेला (साधारण ५००० मीटर) बाकीचं उघडं पडलं. पॅकेजमधले डबल बूट आले, एकाचा पुढचा काठ झिजून गुळगुळीत झालेला. बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे, म्हणजे क्रॅम्पॉन, त्यांची पुढची तार त्या काठावरच अडकते. दगडावर बसून टाचेची खिट्टी दाबली की पुढची तार सटकायची. सात-आठ वेळा करून पाहिलं. गाईडने शेवटी बुटाला नायलॉनची दोरी बांधली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दिदी, म पनि माथि गएको छैन." म्हणजे तोसुद्धा वर कधी गेलेला नव्हता. ट्रेकर घेऊन खारेपर्यंत यायचा, बस. तेवीस-चोवीसचा पोरगा. करारात त्याच्या जागी "अनुभवी क्लाइंबिंग शेर्पा" होता. त्या पोराची मजुरीही अर्धीच दिली होती.

शेजारच्या गटाच्या फाइलमध्ये नेपाळ माउंटेनिअरिंग असोसिएशनचा चढाईचा परवाना होता, त्यावर प्रत्येकाचं नाव. आमच्याकडे निघाली फक्त मकालू बरुण राष्ट्रीय उद्यानाची प्रवेश तिकिटं. परवाना "वर मिळेल" असं काठमांडूत सांगितलं होतं. वर कोण देणार? निघण्याआधी, हातात पैसे असताना, तो कागद बघायचा असतो. तसंच ट्रॅव्हल विम्याचंही. माझ्या पॉलिसीत दोर आणि क्रॅम्पॉन वापरून केलेली चढाई वगळलेली होती, आणि मी ते कलम खारेच्या लॉजमध्ये पहिल्यांदा वाचलं.

हाय कॅम्पचा, म्हणजे खारे आणि शिखर यांच्यामधल्या मुक्कामाचा, तंबूही नव्हता. खारेहून थेट शिखर, म्हणजे एका रात्रीत चौदाशे मीटर. तरीही मी रात्री एकला निघाले. का? इतकं आल्यावर मागे फिरणं लाजिरवाणं वाटलं. 'मेरा ला' ही खिंड ओलांडून हिमनदीवर आलो तेव्हा आमच्याकडे एकच आखूड दोर होता. कोणी भेगेत पडलं तर ओढून काढायला दुसरं काही नाही. अडीच तासांत क्रॅम्पॉन तीनदा निघाला. तिसऱ्यांदा वाकून बांधताना बोटांना गाठ कळेना, आणि आपण काय करतोय हेही नीट कळेना. मी गाईडला म्हटलं, चल, उतरू. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला.

खारेला उतरल्यावर एजन्सीचा फोन. डोकं फार दुखतं म्हणा, हेलिकॉप्टर पाठवतो, विमा भरेल. नेपाळ सरकारने २०१८ मध्ये अशा खोट्या रेस्क्यूंची चौकशी केली होती, ते वाचलेलं होतं म्हणून नाही म्हणाले. खाली उतरताच डोकं हलकं झालं. लुक्लापर्यंत चालत गेले.

पैशांचं विचारल्यावर उत्तर आलं: तुम्ही स्वेच्छेने परत फिरलात. त्यानंतर आठवड्याभरात फोनवर एक प्रमाणपत्र आलं. सोनेरी किनार, माझं नाव, मेरा शिखर यशस्वीपणे सर केल्याबद्दल अभिनंदन. उंची ६६५४ मीटर.