अप्रेंटिस लागायला 40,000 भरले

2023 साली कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला आणि महिनाभरात पुण्यात ‘आयटी अप्रेंटिस’ म्हणून माझी निवड झाली. वर्षभर काम शिकायचं, महिन्याला 8,000 स्टायपेंड, नंतर तिथेच डेव्हलपर. मुलाखत दहा मिनिटांत उरकली. मग एचआरच्या मॅडम म्हणाल्या, “मुलं मध्येच सोडून जातात, म्हणून 40,000 डिपॉझिट घेतो. वर्ष झालं की परत.” वडिलांनी खत-बियाण्याचे पैसे काढून दिले.

100 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार झाला. सातवं कलम मी वाचलं नाही. बोलताना जे ‘डिपॉझिट’ होतं, ते तिथे ‘प्रशिक्षण शुल्क, परत मिळणार नाही’ असं लिहिलेलं होतं. व्हेरिफिकेशनच्या नावाखाली ओरिजिनल मार्कशीटही ठेवून घेतल्या. ऑफर लेटरवर अशोकस्तंभ छापला होता, सिंहांचे चेहरे फुटलेले, कुठून तरी कॉपी करून चिकटवल्यासारखे. ते दिसलं होतं मला. सरकारी योजना आहे म्हटल्यावर पुढे विचारलं नाही.

एका हॉलमध्ये आम्ही 24 जण. सकाळी यूट्यूबचे व्हिडिओ, दुपारी सगळ्यांनी तीच एक शॉपिंग वेबसाइट बनवायची. कोड तपासायला कोणी सीनियर नाही, क्लायंटचं एकही काम नाही. पहिले दोन महिने स्टायपेंड आला, तोही कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवरून. आमचेच पैसे आम्हाला मिळत होते, हे खूप उशिरा लक्षात आलं. तिसऱ्या महिन्यात ‘क्लायंटचं पेमेंट अडकलंय’, चौथ्या महिन्यात शटरला कुलूप. पोलीस ठाण्यात कराराचं सातवं कलम वाचून म्हणाले, यावर तुमचीच सही आहे.

माझा चुलतभाऊ आयटीआय करून एसटीच्या कार्यशाळेत अप्रेंटिस होता. दर महिन्याला त्याच्या बँक खात्यात विद्यावेतन जमा व्हायचं. हे डोळ्यांसमोर असूनही आयटीत पद्धत वेगळी असेल असं मी धरून चाललो. तसं नाही. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा सॉफ्टवेअर कंपनीलाही लागू होतो. विद्यावेतन मालकाने द्यायचं असतं. 2019 च्या नियमांनी डिप्लोमावाल्याला किमान 8,000 आणि पदवीधराला 9,000 ठरवले होते, आणि नॅट्स या केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवार योजनेत त्यातला निम्मा भार सरकार उचलतं. म्हणजे कंपनीचा खर्च सरकारच हलका करतं. आपल्याकडून ती डिपॉझिट कशाचं मागते?

त्यामुळे पैसे मागितले की तिथूनच परत फिरा, मग नाव डिपॉझिट असो, लॅपटॉप चार्ज असो की रजिस्ट्रेशन. खरी अप्रेंटिसशिप असेल तर नॅट्स किंवा अप्रेंटिसशिप इंडियाच्या सरकारी पोर्टलवर तुमची स्वतःची नोंदणी असते आणि कंपनीबरोबरचा करार तुमच्या लॉगिनमध्ये दिसतो. स्टॅम्प पेपर त्याची जागा घेत नाही. शंका असेल तर मुंबईत शीवला अप्रेंटिसशिप बोर्डाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे, तिथे विचारा. मार्कशीट फक्त दाखवा, हातातून सोडू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी चार महिने थांबलो.

डुप्लिकेट मार्कशीटसाठी आता माझे हेलपाटे चालू आहेत. आमच्या बॅचमधली एक मुलगी तर अजूनही रोज सकाळी डबा घेऊन खोलीबाहेर पडते. स्टायपेंड थोडा लांबलाय, एवढंच तिने घरी सांगितलंय.